रंगूबाईला विचारलं कुणी

जयराजला आईचं तोंड आधी दिसलंच नाही, दिसले ते पाय. पितळी परातीत ठेवलेले, दुधानं धुतलेले आणि वर हळदीकुंकवाचा राडा झालेले. सोप्यात पंधरा-वीस बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि एकेक जण पुढं सरकून त्या पायांवर डोकं टेकत होती. कुपवाड्याहून चार दिवसांचा प्रवास करून, मिरजेला उतरून एस.टी.नं गावी आलेला पलटणीतला नाईक जयराज खांद्यावरची काळी ट्रंक खाली ठेवायचीही विसरला. आपल्या घरात हे काय चाललंय, तेच त्याला कळेना.

ते पाय आईचे आहेत हे ओळखायलाही त्याला जरा वेळ लागला. घोटे दिसत नव्हते. जोडवी मांसात रुतून बसली होती. कातडी ताणून चकाकत होती, आणि त्या चकाकीलाच बाया तेज म्हणत होत्या.

झालं होतं ते असं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीआधी जयराजच्या बापानं, हंबीररावांनी, म्हसवडच्या सिद्धनाथाला नवस बोलला होता. पोरगं काश्मिरात आहे, त्याला सुखरूप ठेव, माझ्या घरातलं माणूस उभ्याचं नवरात्र करील. घरातलं माणूस म्हणजे कोण, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही आणि विचारायची कुणाला हिंमत झाली नाही. पाडव्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत बारा दिवस देवळात उभं राहायचं, बसायचं नाही, आडवं व्हायचं नाही. रंगूबाई राहिली. छप्पन्न वर्षांची बाई, घरी आली तेव्हा पाय सुजलेले होते. बारा दिवस उभं राहिल्यावर कुणाचेही सुजतील. बरोबरच्या बायांचे आठवड्याभरात उतरले, हिचे उतरले नाहीत. आणि इथं गावानं अशी चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या गावाला सुचलीसुद्धा नसती. सूज उतरत नाही त्या अर्थी देव पायांत राहिलाय, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं. दर रविवारी, म्हणजे सिद्धनाथाच्या वारी, पाय धुणं सुरू झालं. आता मार्च उजाडला होता.

जयराजनं ट्रंक टेकवली, गर्दीतून वाट काढत पुढं गेला आणि आईच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. पलटणीत प्रथमोपचाराच्या वर्गात हे त्याला शिकवलं होतं. पायात पाणी भरलं की खड्डा राहतो, आणि पाणी भरलं की काळजाकडं बघायचं.

"उठा सगळ्या," तो म्हणाला. "घरला जावा आपापल्या."

"आलास... व्हय... बाबा," रंगूबाई म्हणाली. तीन शब्दांत तिनं दोनदा दम खाल्ला. गळ्याजवळची शीर उडताना लांबून दिसत होती.

हंबीरराव आतून आले. कोशाचा फेटा, कपाळाला भंडारा. पाच एकर ऊस, सोसायटीत संचालक, आणि आता वर देवाचं माणूस घरात, त्यामुळं चालणंही बदललेलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, सरळ भांडता तरी आलं असतं.

"बूट काढून आत ये," ते म्हणाले. "देव हाय हितं."

"देव न्हाई आबा, पानी हाय. पायात पानी भरलंय आयेच्या. तुमास्नी दिसत न्हाई व्हय?"

"तुज्यासाठीच उभी ऱ्हायली ती. तोंड सांभाळून बोल."

जयराजच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं परातीला अशी लाथ घातली की दूध भिंतीपर्यंत उडालं. बाया तोंडाला पदर लावून पांगल्या. एकदोघी जाताना गालांत मारून घेत गेल्या, पोराला देव क्षमा करो म्हणून. बायको दीपमाला सैपाकघराच्या दारात उभी होती. नवरा अकरा महिन्यांनी घरी आला होता आणि तिच्या तोंडावर आनंदाचं नाव नव्हतं. जयराजला तेही लागलं. त्या दिवशी त्याला सगळंच लागत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं त्यानं आईला सांगलीला नेलं. हंबीरराव आधी येणार नाही म्हणाले आणि मग फेटा बांधून आधीच गाडीत जाऊन बसले. मोठ्या दवाखान्यात छातीला, हातापायांना चिमटे लावून ठोक्यांची पट्टी काढली. जयराजला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं दिसत होतं की एकही रेघ दुसरीच्या अंतरावर नव्हती, कवायत बिघडलेल्या तुकडीसारखी. मिनिटाला दीडशेच्या वर ठोके, आणि तेही कसेही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजाचे वरचे कप्पे नुसते थरथरताहेत, त्यांच्या नादानं खालचे कप्पे ऊर फुटेस्तोवर पळताहेत, महिनोन्‌महिने पळून ते दमलेत, म्हणून अंगात पाणी साठतंय.

"नवरात्रानं झालं का हो?" हंबीररावांनी हळूच विचारलं.

"नवरात्रानं झालं की नाही, सांगता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "पण नवरात्राच्या नावाखाली चार महिने लपलं, हे नक्की. पहिल्याच आठवड्यात आणायला हवं होतं."

जयराजनं बापाकडं बघितलं. हंबीरराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

रंगूबाईला भरती केलं. पाणी उतरवायची औषधं सुरू झाली, ठोके आवरायच्या डिजॉक्सिनच्या गोळ्या सुरू झाल्या, रक्त पातळ राहायची वेगळी गोळी. पाय थोडे उतरले. काळजाची पळापळ मात्र थांबेना. एक गोळी वाढवली तर उलट्या, दुसरी दिली तर डोळ्यांपुढं अंधारी. पुण्याच्या लष्करी इस्पितळात जयराजनं फोन केले, तिथं तारीख मिळाली ती दोन महिन्यांनंतरची. बारा दिवस तो दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपला आणि बारा दिवस त्याची चिडचिड वाढत गेली. चहावाल्यावर चिडला, रांगेत पुढं घुसणाऱ्यावर चिडला, गावाहून आईला अंगारा घेऊन आलेल्या चुलत्याला त्यानं जिन्यावरूनच परत पाठवला. बापाशी तर बोलणंच टाकलं. गावातल्या एकाही माणसाला कसं दिसलं नाही, एकानंही कसं विचारलं नाही, हे तो भेटेल त्याला सांगत सुटला होता.

दर पंधरवड्याला शनिवार-रविवार पुण्याहून एक हृदयाचे डॉक्टर तिथं यायचे. डॉक्टर शौनक, चाळिशीतले, हळू बोलणारे. त्यांनी रंगूबाईला तपासलं, कागद बघितले आणि शनिवारी दुपारी जयराजला खोलीत बोलावलं. रंगूबाई बाहेर बाकावर बसली होती.

"गोळ्यांनी आवरत नाही," ते म्हणाले. "एक उपाय आहे. जांघेतल्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत न्यायची. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे एक गाठ असते, वरचा हुकूम तिच्यातूनच खाली जातो. तारेचं टोक तापवून ती गाठ जाळून टाकायची. म्हणजे वर कितीही गोंधळ असला तरी खाली काही पोचणार नाही."

"मग खालचं चालणार कशावर?"

"छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं. पेसमेकर. ते ठोके देणार. एकदा गाठ जाळली की ती परत येत नाही, हे लक्षात घ्या. मग जन्मभर त्या यंत्रावर. पण दमलेलं काळीज पुष्कळदा पुन्हा धरतं, सूज जाते, माणूस हिंडायला-फिरायला लागतो. मी उद्याच करू शकतो. त्यांना आत बोलवा, सांगतो."

जयराज दारापर्यंत गेला आणि परत आला.

"साहेब, तिला नगं सांगायला. घाबरंल ती. काळीज जाळायचं म्हणल्यावर ती टेबलावर चढणारच न्हाई. तपासणी हाय म्हणून सांगा. सही मी करतो."

"पेशंटला सांगायला हवं."

"आमच्यात असंच असतंय साहेब. बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?"

डॉक्टरांना ही वाक्यं नवीन नव्हती. दहा घरांतली नऊ घरं हेच सांगत. बाहेर अजून अकरा पेशंट बसलेले होते. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं आणि कागद पुढं सरकवला. जयराजनं सही केली, खाली नातं लिहिलं, मुलगा. बाहेर येऊन त्यानं आईला सांगितलं, उद्या एक साधी तपासणी हाय. रंगूबाईनं मान हलवली. आयुष्यभर तिनं अशीच मान हलवली होती.

संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या नळावर दीपमाला डबा घासत होती. जयराजनं तिला काय ठरलंय ते सांगितलं. सांगता सांगता पुन्हा त्याची गाडी बापावर आणि गावावर घसरली. चार महिने सगळे आंधळे झाले होते, तो म्हणाला, तू तर घरात होतीस, तुझ्या तोंडाला काय कुलूप लावलं होतं?

दीपमालानं डबा खाली ठेवला.

"मी लिवलं हुतं तुमास्नी. डिसेंबरात. आत्तींच्या पायाची सूज उतरंना, रातीला उशाला दोन उशा लागत्यात, मामास्नी बोलायची मला सोय न्हाई, तुमी लिवा. ईस दिसांनी तुमचं उत्तर आलं."

तिनं पदराला हात पुसले.

"काय लिवलं हुतंसा, ध्यानात हाय? देवाचं हाय ते, उतरंल. माज्यासाठी केलंय, त्यात मोडता घालू नगं. वर लिवलं, हितं सगळ्या पोरास्नी सांगितलं, माजी आई बारा दीस उभी ऱ्हायली म्हणून. लय खूश हुतासा. ते पत्र मामांनी सोप्यात मोठ्यानं वाचलं. दुसऱ्या रविवारी बाया दुप्पट आल्या."

जयराजला ते पत्र आठवलं. बर्फात बंकरमध्ये बसून लिहिलेलं. कंपनीतल्या पोरांनी पाठ थोपटली होती, नशीबवान आहेस म्हणाले होते, आणि त्याची छाती फुगली होती. त्याला शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून तो आणखीच चिडला. "मग दुसरं लिवायचं," तो ओरडला. "तार करायची. एका पत्रावर गप बसलीस?" नळावरच्या दुसऱ्या बाया बघायला लागल्या. दीपमालानं डबा उचलला आणि ती वर निघून गेली. तिच्या मागं जाऊन माफी मागावी एवढं त्याला कळत होतं, पण तो गेला नाही.

रविवारी सकाळी रंगूबाईला हिरवा झगा घातला, जोडवी काढायला तेल लावलं, ती निघेनात म्हणून कापली. चाकाच्या खाटेवर झोपवून व्हरांड्यातून आत न्यायला लागले. बरोबर स्वानंदी नावाची नर्स होती, बोलकी पोरगी. तिनं सहज सांगितलं, "मावशी, मशीन डाव्या बाजूला बसणार हं. थोडे दिवस डावा हात वर करायचा नाही."

"कसली मशीन?" रंगूबाई म्हणाली.

स्वानंदीला वाटलं म्हातारी विसरली. तिनं आणखी समजावून सांगितलं. जाळायचं, बसवायचं, सगळं. रंगूबाईनं एक हात काढून दाराची चौकट धरली. खाट थांबली. चौकट सोडा म्हटलं तर सोडेना. ती उठून बसली आणि म्हणाली, "माज्या पोराला बोलवा. आन् ह्यास्नी बी."

जयराज धावत आला. मागून हंबीरराव, त्यांच्यामागं दीपमाला.

"आये, घाबरू नगंस, साधी तपासणी—"

"खोटं बोलू नगंस." रंगूबाईचा आवाज चढलेला जयराजनं जन्मात ऐकला नव्हता. दम लागत होता, मधे थांबावं लागत होतं, पण ती थांबून पुन्हा बोलत होती. "नवस ह्येंनी बोलला. उभी मी ऱ्हायले. मला इचारलं न्हाई. पाय माजं. धुवायचं का न्हाई, ते बायांनी ठरवलं. थंडीत दूध वतायच्या, पाय बधिर व्हायचं. मला इचारलं न्हाई. आता काळीज माजं. सही तू केलीस. मी काय मुकी हाय व्हय रं?"

"मी तुला वाचवाय बघतोय," जयराजही भडकला. "त्यांनी तुला मारायला घातलं हुतं, आन् बोलणी मला?"

"त्यांनी देव केला माजा. तू पेशंट केलास. माणूस कुणी केला सांग."

व्हरांड्यातली माणसं थांबून बघायला लागली. हंबीरराव पुढं झाले. "रंगू, चारचौघांत नगं," ते म्हणाले.

ती त्यांच्याकडं वळली. "चारचौघांतच सांगते. म्हसवडात सातव्या दिशी माजं काळीज सुटलं. धडाधडा पळाय लागलं, डोळ्यांम्होरं काळं आलं. मी तुमास्नी म्हणले, बसते जरा. तुमी काय म्हणालासा?"

हंबीरराव खाली बघायला लागले.

"ह्ये म्हणालं, पोराच्या जिवाचं हाय, पाचच दीस ऱ्हायलं." ती जयराजकडं बघत होती. "मग बसती कशी मी?"

जयराजचा राग एकदम कुठं ठेवावा हे त्याला कळेना. दोन आठवडे तो राग घेऊन हिंडत होता, सगळ्या गावाला त्यानं तो वाटला होता, आणि आता तो सगळा परत त्याच्याच अंगावर आला होता.

गडबड ऐकून डॉक्टर शौनक बाहेर आले. काय झालं ते त्यांना दोन वाक्यांत कळलं. त्यांनी स्वानंदीला स्टूल आणायला सांगितलं आणि रंगूबाईच्या खाटेजवळ बसले.

"विचारा मला," ते म्हणाले. "काय हवं ते विचारा."

रंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं. वरचे कप्पे, खालचे कप्पे, मधली गाठ. मग म्हणाली, "म्हंजी असं म्हणा. आमच्याकडं पाण्याच्या पाळीला पाटाची दारं उघडाय पाटकरी असतोय. वरनं सगळ्यांनी एकदम वरडा चालवलाय, आन् पाटकरी येडा हून दिसंल त्याचं दार उघडतोय."

"अगदी तसंच."

"मग तुमी वरडणाऱ्यास्नी गप करणार, का पाटकऱ्याला काढणार?"

डॉक्टरांनी स्टूल पुढं ओढलं. शिकलेल्या नातेवाइकांनीही हा प्रश्न त्यांना क्वचितच विचारला होता. "पाटकऱ्याला," ते म्हणाले. "ओरडणाऱ्यांना गप करायचे प्रयत्न परदेशात आता कुठं सुरू झालेत, तशाच तारेनं. इथं मला ते करता येत नाही. त्यामुळं वरचा गोंधळ राहणार, रक्ताची गोळीही चालू राहणार. पण खाली काही ऐकू येणार नाही. यंत्र आपल्या चालीनं काम करील."

"पाटकऱ्याला परत ठेवता येतंय?"

"नाही."

"मशीन बंद पडली तर?"

"सहसा पडत नाही. सात-आठ वर्षांनी बदलावी लागते, मधून मधून तपासावी लागते. पण पडलीच, तर जिवाला धोका आहे." डॉक्टरांनी चष्मा काढून हातात घेतला. "हे मी तुम्हाला कालच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, ते माझं चुकलं."

"ह्याला म्हाईत हुतं?" तिनं जयराजकडं मान वळवली.

"होतं."

"आन् काहीच न्हाई केलं तर?"

"आज काही होणार नाही. पण काळीज असंच पळत राहिलं तर वर्ष निघणं कठीण."

दीपमाला जवळ जाऊन रंगूबाईच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. मग रंगूबाई म्हणाली, "करायचं. पर आज न्हाई. तुमी परत कवा येणार?"

"पुढच्या पंधरवड्याला. गोळ्या चालू ठेवून इथंच पडून राहिलात तर तेवढं थांबता येईल."

"मग तवा करा."

"दोन तारखेला माजी गाडी हाय," जयराज म्हणाला. "डॉक्टर येणार तीन तारखेला."

"ठावं हाय मला. म्हणून तर."

"आये, येड्यागत करू नगंस. मी रजा वाढवून घेतो."

"नगंस वाढवू. तू हितं असलास तर आयेला मी वाचवलं म्हणत पलटणीत सांगशील. ह्ये देव आला म्हणत गावभर हिंडलं, तू हे म्हणत हिंडशील. जगले तर माजी मी जगंन. न्हाई जगले तर तुमच्यापैकी कुणी डोकं टेकाय येऊ नगा." मग ती हंबीररावांना म्हणाली, "आन् तुमी. औंदाच्या दिवाळीला कशाचा नवस बोलायचा तो बोला, पर उभं तुमी ऱ्हावा. गुडघं दुखत्यात म्हणून मला सांगू नगासा."

डॉक्टरांनी जयराजच्या सहीचा कागद फाडला आणि नवा आणायला सांगितला. रंगूबाईला सही येत होती. साक्षरतेच्या वर्गात ती दीड महिना गेली होती, हे जयराजला माहीत नव्हतं. तिनं कागद दीपमालाकडून दोनदा वाचून घेतला आणि सही मात्र केली नाही. "त्या दिशी करंन," ती म्हणाली. "तवर इचार बदलला तर?" डॉक्टर म्हणाले, चालेल.

रजेचे उरलेले दिवस जयराज रोज दवाखान्यात जात होता. रंगूबाई त्याच्याशी बोलत नव्हती असं नाही. जेवलास का, उसाला पाणी कधी सोडलं, एवढं विचारायची. तो आईचे पाय चेपायला खाली बसला की ती ते पांघरुणात ओढून घ्यायची. एकदा त्याला राहवलं नाही, तो म्हणाला, चुकलं माजं. ती म्हणाली, व्हय, चुकलं. त्यापुढं काही नाही. दोन तारखेला तो ट्रंक घेऊन मिरजेच्या गाडीत बसला. पुण्यात एका सहप्रवाशानं जागेवरून कुरबुर केली तेव्हा मुठी वळल्या, पण उठून त्यानं जागा देऊन टाकली.

तीन आणि चार तारीख त्यानं गाडीतच काढली. युनिटात पोचला तेव्हा एक तार आलेली होती, दीपमालाची. सगळं ठीक, अकरा तारखेला रविवारी दहा वाजता शेजारच्या नाथाजींच्या घरी फोन करा, आम्ही तिथं असू.

रविवारी सकाळी कॅम्पातल्या एस.टी.डी.समोर बावीस जवान रांगेत होते. जयराज आठपासून उभा होता. पावणेअकराला नंबर आला. चार वेळा फिरवल्यावर लाइन लागली.

"झालं," दीपमाला म्हणाली. "चांगलं झालं. गुरवारी घरला आणलं. मिन्टाला सत्तर ठोके, एका चालीत, डॉक्टरांनी मला कानाला नळी लावून ऐकिवलं. पाय उतरल्यात. काल आत्ती परड्यातनं कोथमिर आणाय गेल्या, मी नगं म्हणलं तरी गेल्या."

"सही केली तिनं?"

"केली. रंगूबाई हंबीरराव, पूरं नाव. मला म्हणल्या, हात धर. मग मी बाहीर बसून ऱ्हायले दीड तास."

"आबा?"

"मामा दवाखान्याच्या पायरीवर बसलं हुतं. आत या म्हणलं तर आलं न्हाईत."

मागचा माणूस घड्याळ बघत होता. "आये हाय तितं? दे तिला," तो म्हणाला.

पलीकडं रिसीव्हरवर हात ठेवल्याचा आवाज झाला, पण हात नीट बसला नव्हता. नाथाजींच्या घरातलं सगळं ऐकू येत होतं. कुणीतरी चहाचं विचारत होतं. मग आईचा आवाज आला, मोकळा, मधे कुठं न थांबता, एका दमात. "सांग त्याला, सकाळपास्नं लय काम झालं म्हणून आत्ती जरा झोपल्यात, उठल्या की सांगते."

"आत्ती झोपल्यात," दीपमाला फोनवर म्हणाली.

"बरं," जयराज म्हणाला. "झोपू दे."